पाचव्या काचपेटीतलं टोपडं

१

ट्रे रिकामा होता.

अगदी रिकामा नव्हे. तळाशी दोरा ओवलेली एक चिठ्ठी पडली होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात वस्तूचा क्रमांक होता. ज्याचा तो क्रमांक, ते टोपडं मात्र नव्हतं.

मी टेबलाखाली पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, मग पुन्हा ट्रेमध्ये पाहिलं. घरी लेकीचा मोजा हरवला की मी अशीच त्याच त्या जागी शोधत बसते. जणू मोजा मधल्या वेळात लाजून परत येणार आहे.

"ताई, काय शोधताय?" लंबूनं विचारलं. तो खिडकीत बसून कागदाची एक गोल उशी या हातातून त्या हातात झेलत होता.

"टोपडं."

"कुणाचं?"

"आजींचं. पाचव्या पेटीतलं."

उशी त्याच्या हातातून निसटून जमिनीवर पडली. त्यानं ती उचलून खिडकीत ठेवली आणि तोही टेबलाखाली वाकला.

आमचं संग्रहालय लहानसं. पूर्वी तिथे शाळा भरायची, त्यामुळे दालनांना अजून वर्गच म्हणतात. लंबू आणि मी इथे इंटर्नशिप करत होतो. लंबू कलाशाखेचा, उंचीला दाराची चौकट कमी पडणारा, आणि माझ्याहून बराच लहान. माझं शेवटचं वर्ष लेकीच्या वेळी सुटलं होतं. ते पुरं करायचं तर ही इंटर्नशिप हवीच होती. चार ठिकाणी गेले. कडेवर बाळ म्हटल्यावर चारही ठिकाणी "कळवतो" म्हणाले. पाचवं हे. इथे वैद्यबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, "पाळणाघर कधी बंद होतं?" मी वेळ सांगितली. त्या म्हणाल्या, "मग त्याआधी आवरत जाऊ."

वैद्यबाई डॉक्टर नव्हेत. जुन्या कापडाला, चामड्याला, लाकडाला झालेले आजार त्या बऱ्या करतात, म्हणून लंबूनं ठेवलेलं ते नाव. तोंडावर आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

उद्या सकाळी नवं प्रदर्शन उघडायचं होतं. पाचव्या पेटीत गावातल्या एका आजींनी दिलेल्या वस्तू मांडायच्या होत्या: त्यांच्या यजमानांचे बूट, त्यांची स्वतःची चामड्याची मोठी पर्स, बँडमध्ये वाजवणाऱ्या त्यांच्या भावाची उंच टोपी, आणि त्यांनी लेकीसाठी विणलेलं टोपडं. तान्ह्या बाळाचं, मुठीएवढं. ती लेक आता स्वतः आजी झाली होती आणि उद्या आईचा हात धरून ते बघायला येणार होती.

"बाईंना सांगायला हवं," मी म्हणाले.

"काय सांगायला हवं?" मागून आवाज आला.

बाई नव्हत्या. विश्वस्तसाहेब होते.

२

विश्वस्तसाहेबांना विद्यार्थी ही जातच पसंत नव्हती. संग्रहालयात शांतता हवी आणि विद्यार्थी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतात, असं त्यांचं मत. सकाळपासून ते दालनांत फिरून बाईंना तेच ऐकवत होते. त्यांनी ट्रे पाहिला, चिठ्ठी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"शेवटी कुणाच्या हातात होतं?"

"फोटो काढायला दिलं होतं. त्याआधी माझ्याच. कागदात गुंडाळलंही मीच."

"हं. तुम्हाला लहान मूल आहे ना?"

"आठ महिन्यांची मुलगी आहे."

"म्हणजे त्या मापाचं डोकं घरात आहे."

लंबू फटकन बोलला, "साहेब, माझ्या घरी बुटांच्या मापाचे पाय आहेत, पण बूट जागेवर आहेत!"

"तू गप्प बैस."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बोलायला गेले तर रडू आलं असतं, म्हणून मी माझी पिशवी उचलून टेबलावर ठेवली. "बघा साहेब."

त्यांनी क्षणभर का होईना मागंपुढं केलं, तेवढं खरं. मग एकेक वस्तू बाहेर काढली. दुधाची बाटली. लंगोट. खुळखुळा, जो अशा वेळी वाजायचा तो वाजलाच. अर्धं बिस्कीट, चावलेलं. माझं पाठ्यपुस्तक, त्याचाही कोपरा चावलेला.

आणि मग त्यांचा हात तळाशी थांबला. तो वर आला तेव्हा त्यांच्या बोटांत एक टोपडं होतं.

३

"हे काय?" साहेबांचा आवाज हलका झाला होता, जिंकलेल्या माणसाचा होतो तसा.

"ते बाजारातलं आहे," दारातून वैद्यबाई म्हणाल्या. त्या आत आल्या, टोपडं हातात घेतलं, उलटं करून शिवण पाहिली आणि नाकाशी नेलं. "मशीनवरचं. दुधाचा वास येतोय, आणि लाळ अजून ओली आहे. आजींची लेक साठीची आहे, साहेब. तिची लाळ एव्हाना वाळली असेल."

लंबू हसला. मलाही हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले ते आलेच.

साहेब खाकरले. "हे नसेल. पण ते आजींचं गेलं आहे, हे तर खरं? मी स्पष्ट सांगतो, बाई. आज दार लावायच्या आत ते मिळालं नाही, तर ज्याच्या हातून हे झालं त्यानं इथून जायचं. आणि वस्तू या मुलीच्या ताब्यात होती. कॉलेजला मी स्वतः कळवीन."

कॉलेजला कळवलं की संपलंच. पुन्हा चार ठिकाणी जायचं, पुन्हा "कळवतो". आणि या खेपेला मागे चोरीचं नाव.

"ज्याच्या हातून झालं त्यानं जायचं," बाईंनी ते वाक्य सावकाश उच्चारलं. "ठीक आहे. मग कुणाच्या हातून झालं ते आधी बघू. सगळ्यांनी बसा. कशालाही हात लावू नका. फोटोवाल्या काकांना बोलवा."

आम्ही टेबलाभोवती बसलो, वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखे, हात मांडीवर.

"तू सांग," बाई मला म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून. मला माहीत आहे तेही सांग."

मी सांगितलं. पोकळ वस्तू रिकामी ठेवली की ती बसते, तिला चुण्या पडतात, आणि जुनं चामडं चुणीवर तडकतं. म्हणून तिच्या पोटात उश्या भरायच्या. खास पातळ पांढऱ्या कागदाचे गोळे, त्यांना आम्ही उश्या म्हणतो. सकाळी मी त्या केल्या. बुटांसाठी लांबट, बँडच्या टोपीसाठी एकच जाडजूड, पर्ससाठी गोल, मोसंब्याएवढ्या. कागद बेतानं मिळतो, त्यामुळे लागतील तेवढ्याच. मग टोपड्याच्या आत थोडा कागद भरून त्याला गोल केलं आणि धूळ बसू नये म्हणून वरून त्याच कागदात गुंडाळलं. ट्रेमध्ये ठेवून काकांकडे दिलं.

"काका?"

फोटोवाले काका खुर्चीत पुढे सरकले. "मी उलगडलं, चिठ्ठी सोडली, फोटो काढला, होतं तसं गुंडाळलं. चिठ्ठी ट्रेमध्ये टाकली आणि ट्रे लगेच इथे आणून ठेवला."

"लगेच?"

"लगेच म्हणजे... लगेचच."

"काका, तुमच्या मिशीला अजून चहा आहे."

काकांनी मिशी पुसली आणि मान खाली घातली. "वाटेत चहावाला आला, बाई. ट्रे मी बाहेर बाकावर ठेवला होता. दोन घोट घेतले फक्त. त्या बाकावरून शंभर माणसं जातात."

साहेब उठलेच. "झालं! म्हणजे कुणीही उचललं असेल!"

मला वाटलं, आता टोपडं कायमचं गेलं.

४

"थांबा," बाई म्हणाल्या. "काका, बाकावरून उचलून आणलंत तेव्हा ट्रेमध्ये पुडकं होतं?"

"होतं. असणारच. मी रिकामा ट्रे कशाला आणीन?"

"चहाच्या नादात माणूस काहीही आणतो," साहेब म्हणाले.

लंबू खुर्चीत चुळबुळत होता. त्याचे गुडघे टेबलाला खालून धडकत होते. माझ्याकडे बघायचा, खिडकीकडे बघायचा. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला.

"बाई, मला ओरडा. पण आधी हे बघा."

फोनवर त्याचाच फोटो होता. डोक्यावर आजींच्या भावाची बँडची टोपी, चेहऱ्यावर बँडमास्तरचा रुबाब.

बाईंनी डोळे मिटले. "लंबू, त्या टोपीचं वय तुझ्या आजोबांएवढं आहे."

"माहीत आहे, बाई. टोपीत उशी भरायच्या आधी एकदाच घातली. कुणाला दाखवणार नव्हतो. पण ताईंच्या पिशवीत हात घालतात म्हटल्यावर..." त्यानं फोन पुढे सरकवला. "माझ्याकडे नका बघू. मागं बघा. टेबलाकडे."

आम्ही सगळे वाकलो. त्याच्या खांद्यामागे हेच टेबल दिसत होतं. टेबलावर काकांचा ट्रे. ट्रेमध्ये एक पांढरं गोल पुडकं. ट्रेला लागून, अगदी चिकटून, माझ्या गोल उश्यांचा ढीग. पांढऱ्या, त्याच कागदाच्या, त्याच आकाराच्या.

"बघा!" काका एकदम ताठ बसले. "आणलं होतं मी!"

बाईंनी फोन हातात घेतला. फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि फोन लंबूला परत दिला. "आता हा फोटो फोनमधून काढून टाक. काम झाल्यावर."

"हो, बाई."

"साहेब, आता माझ्याबरोबर विचार करा. टोपडं इथवर आलं. इथून कुणी चोरलं असं धरू. चोराला काय दिसतंय? पांढऱ्या गोळ्यांचा ढीग. त्यातलं टोपडं कोणतं हे कळायला त्याला कागद उलगडावा लागेल. मग उलगडलेला कागद कुठे आहे?"

साहेबांनी जमिनीवर नजर फिरवली. कागद नव्हता.

"बरं, घरातल्या कुणी उचललं असं धरू. म्हणजे या दोघांनी. ट्रेमध्ये आहे ती वस्तू, हे त्यांना ठाऊक आहे. पण वस्तू हलवताना चिठ्ठी बरोबर घ्यायची, हे मी पहिल्या दिवसापासून यांच्या डोक्यात भरलं आहे. ही मुलगी घरी लेकीला उचलतानासुद्धा चिठ्ठी शोधत असेल."

मी शोधत नाही, पण मान डोलावली.

"चिठ्ठी तर मागेच राहिली. म्हणजे ज्यानं उचललं त्याला आपण वस्तू उचलतोय हे कळलंच नाही. त्याला वाटलं, आपण उशी उचलतोय." बाई माझ्याकडे वळल्या. "उश्या किती केल्या होत्यास?"

"लागतील तेवढ्याच, बाई."

"आणि बूट, टोपी, पर्स, तिन्ही भरून झालंय?"

"हो. काचपेटीजवळ नेऊनसुद्धा ठेवलंय."

"मग," बाईंनी हात लांब करून खिडकीकडे बोट दाखवलं, "ती तिथली उशी उरली कशी?"

सगळे तिकडे वळले. लंबू दुपारभर जिला चेंडूसारखं झेलत होता ती उशी खिडकीत निवांत बसली होती. तिच्या जागी कुठल्यातरी वस्तूच्या पोटात दुसरंच काहीतरी गेलं होतं.

५

"बुटात!" काका म्हणाले.

"बुटांच्या उश्या लांबट आहेत," लंबू म्हणाला. "आणि टोपीला एकच जाडी. ही गोल आहे. गोल फक्त पर्सला..." तो थांबला. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मलाही त्याच क्षणी कळलं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"बोल ना, लंबू. पर्समध्ये गोल उश्या. पर्स कुणी भरली?"

"बाई, असू दे."

"कुणी भरली?"

लंबू जमिनीकडे बघत म्हणाला, "पर्सचा खटका जीर्ण झालाय. तिला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

"बरोबर. मीच भरली." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आणि कधी भरली तेही आठवतंय. साहेब, तुम्ही समोर उभे होतात. विद्यार्थ्यांना इथे आणून मी संग्रहालयाची धर्मशाळा केली, असं काहीसं म्हणत होतात. मला राग आला होता. माझं लक्ष तुमच्या तोंडाकडे होतं आणि हात उश्यांकडे. त्या हातानं ढिगातून घेतलं की शेजारच्या ट्रेमधून, हे मी पाहिलंच नाही. चाळीस वर्षं हे काम करते आहे. उश्या भरताना बघावं लागत नाही, असा ताठा होता."

"छे, छे," साहेब म्हणाले. "तुमच्याकडून कसं होईल?"

"चला, बघू."

आम्ही वरातीसारखे त्यांच्या मागून पाचव्या पेटीपाशी गेलो. बाईंनी पर्स मऊ गादीवर आडवी ठेवली, अंगठ्यानं खटका जरासा दाबला, जरासा सोडला. तो कुरकुरला आणि उघडला. एक उशी काढली. कागदच. दुसरी. कागद. तिसरी हातात घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"उलगड."

मी उलगडलं. पिवळसर लोकर, कडेला सुतानं काढलेली कमान, हनुवटीखाली बांधायचे दोन नाडे. एक टाकासुद्धा दुखावला नव्हता.

काकांनी हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाच माहीत. लंबूनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की साहेबांचं मत खरं ठरलं.

"बाई," मी म्हणाले. मला गप्प राहवेना. "फोटो पाहिलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"मग आम्हाला घरी पाठवून तुम्ही एकट्यानं पर्स उघडू शकला असता. टोपडं मिळालं असतं आणि कुणी काही विचारलं नसतं."

"मिळालं असतं," त्या म्हणाल्या. "मग प्रत्येकानं आपापल्या मनात ठरवलं असतं, कुणी घेतलं होतं आणि कुणी घाबरून परत ठेवलं. आणि सगळ्यांनी तुझंच नाव ठरवलं असतं. कापडावरचा डाग मी काढू शकते गं. हा मला काढता आला नसता." मग त्या साहेबांकडे वळल्या. "ज्याच्या हातून झालं त्यानं जायचं, असं ठरलं होतं. उद्याची पेटी लावून देते आणि जाते."

साहेब खाकरले. पुन्हा खाकरले. "असं कसं जाता? तुम्ही गेलात तर हे सगळं बघणार कोण?"

"ही गेली असती तर?"

"ती..." साहेब थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच, म्हणजे माझ्या पिशवीकडे नव्हे तर माझ्याकडे. "मुली, तुझी पिशवी मी उघडायला नको होती. आणि ते डोक्याच्या मापाचं जे बोललो, तेही नको होतं. चुकलं माझं." मग बाईंना म्हणाले, "कुणी कुठे जायचं नाही. आणि विद्यार्थी... येऊ देत. पुढच्या वर्षीही येऊ देत."

"टोपी घालणारेसुद्धा?" लंबूनं हळूच विचारलं.

"तू मात्र माझ्या नजरेसमोर उभा राहू नकोस," साहेब म्हणाले, आणि त्यांनाच हसू आलं.

पाळणाघर बंद व्हायची वेळ होत आली होती. मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला. काय झालं ते धड सांगताही येईना, नुसतीच हुंदके देत होते. तो आधी घाबरला, मग म्हणाला, "अगं, मिळालं ना? मग रडतेस कशाला? मी आणतो तिला. तू तुझं काम पुरं करून ये." मी फोन छातीशी धरून थोडा वेळ तिथेच उभी राहिले. त्या दिवशी माझ्या बाजूनं किती माणसं उभी राहिली होती! एकानं स्वतःची टोपी उघड केली, एकानं स्वतःचा चहा, एकीनं स्वतःचा चाळीस वर्षांचा हात. कुणालाच तसं करायची गरज नव्हती.

आत आले तर साहेब आणि काका गेले होते. लंबू बूट सरळ करत होता. पेटीची काच बाजूला सरकवलेली होती. बूट, पर्स, टोपी जागच्या जागी होती आणि पुढे मधोमध एक लहानसा गोल आधार मोकळा होता.

"ठेव," बाई म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? उद्या त्या मायलेकी इथे उभ्या राहतील तेव्हा तूच त्यांना दाखवायचंस."

मी टोपडं दोन्ही तळव्यांवर घेतलं. एवढं हलकं होतं की हातात काही आहे असं वाटत नव्हतं. आधारापर्यंत नेलं आणि थांबले.

"बाई, हात थरथरतोय माझा."

"थरथरू दे. थांबेपर्यंत धरून उभी राहा."

त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. लंबूही बूट सोडून उभा राहिला. बाहेर कुणीतरी सायकल लावली, दालनातला पंखा फिरत राहिला, आणि हळूहळू माझे हात शांत झाले.

मग मी टोपडं ठेवलं.